राउटरचे फर्मवेअर बदलले, नेट मंदावले: पावर हाउसमध्ये खिशाला किती पडेल?

राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी किंवा डीडी-डब्ल्यूआरटी असे खुले फर्मवेअर टाकल्यानंतर नेट मंदावले असेल, तर दुरुस्तीचा पहिला खर्च शून्य रुपये आहे. हे सगळ्यात आधी सांगायला हवे, कारण खर्चाची सुरुवात बहुधा उलट्या टोकाने होते. राउटर पिशवीत घालून भिलाईतल्या पावर हाउसच्या बाजारात नेला, की "ये पुराना हो गया, नया ले लीजिए" हे ऐकायला मिळते. इंटरनेट कंपनीला फोन लावला, की वरचा प्लॅन सुचवला जातो. नव्या राउटरने वेग येईलही, पण दोन-तीन हजार उगाच जातील. वरच्या प्लॅनने तर काहीच हाती लागणार नाही, कारण अडथळा बहुधा घराच्या आत आहे.

भिलाईतल्या मराठी घरांत हा प्रकार ठराविक वाटेने येतो. मुलगा किंवा मुलगी पुण्याला, हैदराबादला नोकरीला असते. दिवाळीला घरी आली, की राउटरवर नवे फर्मवेअर टाकून जाते: जाहिराती अडवता याव्यात, पाहुण्यांचे वायफाय वेगळे असावे, पुण्यात बसून घरचा राउटर पाहता यावा. हेतू चांगलाच असतो. कंपन्या जुन्या मॉडेलचे सुरक्षा-अपडेट बंद करतात तेव्हा असे फर्मवेअर राउटरला आणखी काही वर्षे सुरक्षित ठेवते, आणि तेवढ्यासाठीही मी त्याच्या बाजूचा आहे. पण मूल परत गेल्यावर सेक्टरमधल्या क्वार्टरमधून किंवा कॅम्प-२ मधून फोन सुरू होतात, की प्लॅन ३०० चा आहे आणि येतात जेमतेम दीडशे.

वरच्या प्लॅनचा हिशेब आधीच करून टाकू. जिओफायबरचा १०० एमबीपीएसचा प्लॅन ६९९ रुपयांचा आणि १५० चा ९९९ रुपयांचा. फरक ३०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे महिन्याला ३५४ आणि वर्षाला ४,२४८ रुपये. एवढ्यात चांगला नवा राउटर येतो. म्हणून मोजमाप होईपर्यंत प्लॅनला हात लावू नका.

आधी तीन आकडे

कागद घ्या आणि तीन आकडे लिहा. पहिला आकडा लॅपटॉप केबलने थेट ओएनटीला, म्हणजे फायबर ज्या डब्यात शिरते त्याला, जोडून घेतलेला. ओएनटी ब्रिज मोडमध्ये असेल तर लॅपटॉपवर पीपीपीओईचे, म्हणजे लाइनवर लॉग-इन करण्याचे, युजरनेम-पासवर्ड टाकावे लागतील. ते इंटरनेट कंपनीकडून आधी मागून ठेवा. दुसरा आकडा लॅपटॉप केबलनेच आपल्या राउटरला जोडून. तिसरा त्याच खोलीत, राउटरपासून चार-पाच हातांवर, वायफायवर. तिन्ही वेळा घरातले बाकीचे फोन आणि टीव्ही बंद ठेवा. शक्य असेल तर सकाळी लवकर मोजा आणि रात्री नऊनंतर पुन्हा मोजा.

पहिलाच आकडा कमी आला तर फर्मवेअर निर्दोष आहे आणि पुढचा बहुतेक मजकूर तुम्हाला लागू नाही. तेव्हा कंपनीच्या अॅपमध्ये महिन्याचा डेटा किती वापरला ते पाहा. जिओफायबर आणि एअरटेलच्या 'अमर्याद' प्लॅनना ३,३०० जीबीची महिन्याची मर्यादा असते, ती ओलांडली की वेग खाली येतो. चोवीस तास कॅमेऱ्याचे चित्रण क्लाउडवर चढवणाऱ्या घरात ही मर्यादा गाठली जाऊ शकते. पहिला आकडा बरोबर आणि दुसरा कमी, तर दोष राउटरच्या प्रोसेसिंगमध्ये किंवा केबलमध्ये. पहिले दोन बरोबर आणि तिसरा कमी, तर वायफायमध्ये.

एककाचा गोंधळही इथेच मिटवा. प्लॅन मेगाबिटमध्ये असतो, डाउनलोडच्या खिडकीत वेग मेगाबाइटमध्ये दिसतो. १०० एमबीपीएसच्या प्लॅनवर तिथे जास्तीत जास्त साडेबाराच दिसणार. ती तक्रार करायची गोष्ट नव्हे.

वेग जातो कुठे

लिंक्सिसचा डब्ल्यूआरटी५४जी हा राउटर २००२ च्या डिसेंबरात आला. त्याच्या आत लिनक्स असल्याने जीपीएल परवान्याप्रमाणे कंपनीला २००३ मध्ये सोर्स कोड खुला करावा लागला. त्याच कोडवर २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी उभे राहिले, आणि पुढच्या वर्षी डीडी-डब्ल्यूआरटी. त्याच २००४ मध्ये भारताच्या ब्रॉडबँड धोरणाने २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड ठरवले होते. तेवढ्या वेगाला राउटरचा लहानसा प्रोसेसर सहज पुरायचा. आज सुपेल्यातल्या दोन खोल्यांच्या घरातही १०० किंवा २०० एमबीपीएस येते, आणि स्वस्त राउटरमधला प्रोसेसर त्या मानाने फारसा वाढलेला नाही.

मग कंपनीचे मूळ फर्मवेअर हा वेग कसा सांभाळते? चिपमध्ये प्रोसेसरच्या बाजूला पॅकेट पुढे ढकलणारा वेगळा भाग असतो. तुम्ही व्हिडिओ लावला की पहिली काही पॅकेटे प्रोसेसर तपासतो, पत्ता बदलतो, फायरवॉलचे नियम लावतो. ओळख पटली की त्या व्हिडिओची पुढची सगळी पॅकेटे प्रोसेसरला न विचारता त्या वेगळ्या भागातून जातात. पावर हाउस स्टेशनवर न थांबणारी गाडी थ्रू लाइनने निघून जाते, तसे. ब्रॉडकॉम आणि क्वालकॉम यांच्या चिपमध्ये या भागाचा कोड कंपनीच्या मालकीचा आणि बंद असतो. खुल्या फर्मवेअरला तो मिळत नाही किंवा अर्धवट मिळतो. मग प्रत्येक गाडी फलाटावर थांबते, प्रत्येक पॅकेट प्रोसेसरच्या हातातून जाते, आणि सातशे-आठशे मेगाहर्ट्झच्या एककोअर प्रोसेसरची दमछाक दोनशे-तीनशे एमबीपीएसलाच होते. पीपीपीओई असेल तर त्याहूनही आधी, कारण प्रत्येक पॅकेटचे वेष्टन काढण्या-चढवण्याचे काम त्यात वाढते.

हे डोळ्यांनी पाहता येते. लॅपटॉपवरून एसएसएचने राउटरमध्ये शिरा, 'टॉप' ही आज्ञा द्या आणि दुसऱ्या खिडकीत स्पीड टेस्ट सुरू करा. वरच्या ओळीत 'आयडल' (प्रोसेसरचा रिकामा वेळ) आणि 'एसआयआरक्यू' (मुख्यतः पॅकेटे हाताळण्याचा वेळ) असे दोन आकडे टक्क्यांत दिसतात. टेस्ट सुरू होण्याआधी आयडल नव्वदच्या पुढे असतो. टेस्ट सुरू होताच एसआयआरक्यू चढत नव्वदच्या पलीकडे गेला आणि आयडल शून्याला टेकला, तर प्रोसेसर पूर्ण भरला आहे. निदान झाले, आणि तेही फुकट. टेस्ट चालू असताना आयडल अर्ध्याच्या वर राहिला तर प्रोसेसरला दोष देऊ नका, केबल आणि वायफायकडे वळा. राउटर एकापेक्षा जास्त कोअरचा असेल तर एवढी काळजी घ्या, की एकूण आयडल अर्धा दिसत असूनही एक कोअर पूर्ण भरलेली असू शकते.

उपायही फुकट आहे. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ उघडा, 'नेटवर्क'मधून 'फायरवॉल'मध्ये जा. तिथे 'फ्लो ऑफलोडिंग' सापडेल. जुन्या आवृत्त्यांत सॉफ्टवेअर आणि हार्डवेअर अशा दोन खुणा असतात, नव्यांत यादीतून प्रकार निवडायचा असतो. ओपनडब्ल्यूआरटीमध्ये ही सोय आपोआप चालू नसते, आणि नेमकी ती राहून जाते. चिप मीडियाटेकची, एमटी७६२१ किंवा नव्या फिलॉजिक मालिकेतली असेल, तर हार्डवेअर निवडा. अशा चिपवर मूळ फर्मवेअरच्या तोडीचा वेग परत येतो. क्वालकॉमच्या जुन्या चिपवर सॉफ्टवेअर निवडा. तेवढ्यानेही वेग साधारण दीडपट, कधी दुप्पट होतो. कोअर एकाहून जास्त असतील तर 'इंटरफेसेस'च्या पानावर 'पॅकेट स्टीअरिंग'ही चालू करून पाहा. डीडी-डब्ल्यूआरटी असेल तर 'शॉर्टकट फॉरवर्डिंग इंजिन' चालू आहे ना, एवढे बघा.

एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. मुलाने एसक्यूएम लावून ठेवले असेल, तर ते आणि ऑफलोडिंग एकत्र नीट चालत नाहीत. एसक्यूएम प्रत्येक पॅकेटची रांग स्वतः लावते, म्हणून प्रत्येक पॅकेट प्रोसेसरकडे यावेच लागते, आणि शिवाय लाइनच्या वेगापेक्षा दहा-पंधरा टक्के कमी मर्यादा मुद्दाम घालून द्यायची असते. घरात एकाची ऑनलाइन मीटिंग आणि दुसऱ्याचा मोठा डाउनलोड एकाच वेळी चालत असेल, तर त्या कमी आकड्यात आवाज तुटत नाही, हा त्याचा मोबदला. १०० एमबीपीएसपर्यंतच्या प्लॅनवर मी एसक्यूएम ठेवेन. त्यापुढे जुना एककोअर राउटर ते पेलत नाही, तेव्हा काढून टाका आणि पुन्हा मोजा.

वायफायवर गेलेला वेग

तिसरा आकडा पडला असेल तर 'वायरलेस'च्या पानावर तीन गोष्टी बघा. देश भारत, म्हणजे 'आयएन', निवडलेला हवा. तो रिकामा राहिला तर फर्मवेअर सगळीकडे चालेल अशी कमी ताकद आणि कमी चॅनेल धरते. २०१८ पासून भारतात ५ गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा परवान्याविना खुला आहे, देश निवडला की तो उघडतो. मग ५ गिगाहर्ट्झची रुंदी ८० मेगाहर्ट्झ आहे ना ते पाहा, ती चुकून २० वर राहिली तर वेग पाव होतो. आणि २.४ वर चॅनेल १, ६ किंवा ११ यांतलाच ठेवा. जवाहर मार्केटच्या मागच्या गल्ल्यांत किंवा कॅम्पच्या दाट वस्तीत फोनवर वायफायची यादी उघडा, ती संपता संपत नाही. तिथे २.४ वर ४० ची रुंदी लावणे म्हणजे शेजाऱ्यांचेही नुकसान आणि आपलेही. टीव्ही आणि लॅपटॉप ५ वर न्या.

चिप ब्रॉडकॉमची असेल तर ओपनडब्ल्यूआरटीवर वायफाय नीट चालण्याची आशा धरू नका, खुले ड्रायव्हर फारच अपुरे आहेत. अशा राउटरला डीडी-डब्ल्यूआरटी किंवा फ्रेशटोमॅटो लावा, नाही तर कंपनीचे फर्मवेअर परत टाका.

चार जोड्या, एक केबल

दुसरा आकडा ९३-९५ च्या आसपास अडला असेल आणि काही केल्या वर सरकत नसेल, तर मामला जवळजवळ नक्की पोर्टचा किंवा केबलचा आहे. टीपी-लिंकच्या डब्ल्यूआर८४१एन वर '३०० एमबीपीएस' छापलेले असते आणि आर्चर सी५० वर '१२००', पण दोघांचेही पोर्ट १०० चेच आहेत. खोक्यावरचा आकडा वायफायच्या कागदी वेगांची बेरीज असतो. कोणतेही फर्मवेअर ते पोर्ट रुंद करू शकत नाही. असा राउटर १०० पर्यंतच्या प्लॅनला बरा, त्यावर नको.

पोर्ट गिगाबिटचे असूनही ९५ वरच अडले, तर केबलचे टोक उजेडात धरा. प्लगच्या पारदर्शक डोक्यात आठ रंगीत तारा, चार जोड्या, शेवटपर्यंत पोचलेल्या दिसल्या पाहिजेत. १०० ला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. एक तार जरी मागे राहिली, उंदराने कुरतडली किंवा दाराच्या फटीत चेपली, तर राउटर गुपचूप १०० वर उतरतो आणि नेट चालूच राहते, म्हणून कोणाला संशय येत नाही. फर्मवेअर टाकताना केबल काढ-घाल झालेली असते, आणि दोष नव्या फर्मवेअरच्या माथी बसतो. दोन मीटरची तयार कॅट-६ केबल शंभर ते दोनशे रुपयांत मिळते. लांब केबल भिंतीतून गेलेली असेल तर फक्त टोक बदलून घ्या. प्लग पाच-दहा रुपयांचा असतो, मजुरी वेगळी.

अॅडॉप्टरही तपासा. थकलेला अॅडॉप्टर जोर पडला की राउटर रीस्टार्ट करतो. १२ व्होल्ट, १ अँपिअरचा अॅडॉप्टर साधारण दीडशे ते तीनशे रुपयांना येतो. जुन्यावर छापलेला व्होल्टेज जसाच्या तसा हवा. अँपिअर तेवढा किंवा जास्त चालतो.

परतीचा खर्च

सगळे करूनही वेग येत नसेल तर मूळ फर्मवेअरकडे परतण्यात कमीपणा नाही. माझा ठोकताळा असा: प्लॅन २०० पर्यंत असेल तर खुले फर्मवेअर जुन्या राउटरवरही निभते, प्लॅन ३०० किंवा त्यावर आणि चिप क्वालकॉमची जुनी एककोअर, तर परत फिरा. टीपी-लिंकचा आर्चर सी६ घरोघरी दिसतो, त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत क्वालकॉम आहे आणि तिसऱ्या आवृत्तीत मीडियाटेक एमटी७६२१. एकाच नावाखालचे हे दोन वेगळे राउटर आहेत. पाठीमागच्या स्टिकरवर आवृत्तीचा आकडा वाचल्याशिवाय कोणतीही फाइल टाकू नका.

परत फिरण्याची फाइल कंपनीच्या संकेतस्थळावर फुकट असते. टीपी-लिंकच्या पुष्कळ मॉडेलना टीएफटीपीची वाट असते: लॅपटॉपला १९२.१६८.०.६६ हा पत्ता द्यायचा, फाइलला त्या मॉडेलने सांगितलेले नाव द्यायचे, आणि रीसेटचे बटण दाबून धरून राउटर चालू करायचा. फाइल चढत असताना वीज जाता कामा नये, म्हणून इन्व्हर्टरवर करा. राउटर पूर्ण गप्प झाला असेल तर सीरियल जोडणी लागते; त्याचा यूएसबी-टीटीएल तुकडा शंभर ते अडीचशे रुपयांत मिळतो, पण सोल्डरिंग येणारा माणूस हवा.

दुकानात करून घेणार असाल तर भाव आधी ठरवा. माझ्या मते साध्या फ्लॅशिंगला तीनशे आणि सीरियलने उठवायला पाचशे ही वरची मर्यादा असावी. दोन हजारांच्या राउटरवर त्याहून जास्त घालणे शहाणपणाचे नाही. फर्मवेअरच्या 'लायसन्स'चे पैसे कोणी मागितले तर देऊ नका. ओपनडब्ल्यूआरटी फुकट आहे आणि मूळ फर्मवेअरही फुकट. पैसे फक्त हाताच्या कामाचे. काम झाल्यावर तिथेच केबल लावून दुसरा आकडा मोजून घ्या.

इंटरनेट कंपनीने दिलेल्या ओएनटीवर मात्र कधीही दुसरे फर्मवेअर टाकू नका. तो डबा बहुधा कंपनीचा असतो आणि लाइन त्याच्या नोंदलेल्या क्रमांकावरच चालते. तो बिघडला तर भरपाई तुमच्या माथी.

नवा घ्यायचाच असेल तर

आर्चर सी६ च्या दर्जाचा गिगाबिट राउटर ऑनलाइन दोन ते अडीच हजारांच्या आसपास मिळतो, वायफाय ६ चे साधे मॉडेल तीन ते पाच हजारांत. खुले फर्मवेअर टाकायचेच असेल तर विकत घेण्याआधी ओपनडब्ल्यूआरटीच्या उपकरणांच्या यादीत मॉडेल आणि आवृत्ती दोन्ही शोधा. फ्लॅश ४ एमबी आणि रॅम ३२ एमबी असलेले जुने राउटर सेकंडहँड स्वस्त मिळाले तरी घेऊ नका, १९.०७ नंतरच्या आवृत्त्यांनी त्यांना सोडून दिले आहे. पावर हाउसला दुकानात घेताना खोके उघडायच्या आधी खालचा स्टिकर वाचा, आणि हवी ती आवृत्ती नसेल तर तसे तोंडावर सांगा. ऑनलाइनमध्ये आवृत्ती निवडता येत नाही, म्हणून इथे दुकानाला शंभर-दोनशे जास्त गेले तरी चालेल.

जुना डेस्कटॉप राउटर म्हणून लावण्याचा सल्लाही मिळतो. वेग भरपूर येतो, पण तो पन्नास वॅट खात असेल तर महिन्याला ३६ युनिट होतात. साधा राउटर सात वॅटचा धरला तर पाच. युनिटला पाच रुपये धरले तरी महिन्याला दीडशेचा फरक, वर्षाला अठराशे. घरासाठी हा सौदा परवडत नाही.

वॉरंटी आणि तक्रार

वॉरंटीचे कलम आधी वाचा. दुसरे फर्मवेअर टाकल्याने झालेला बिघाड बहुतेक कंपन्या वॉरंटीत धरत नाहीत. अमेरिकेत २०१६ साली दूरसंचार नियामक एफसीसीने टीपी-लिंकला दोन लाख डॉलर भरायला लावले, आणि त्याच तडजोडीत दुसऱ्या फर्मवेअरला वाव देण्याची दिशाही मान्य करून घेतली. भारतात ग्राहकाला असे काही मिळालेले नाही. म्हणून वॉरंटी चालू असेल तोवर राउटर मूळ फर्मवेअरवर आणूनच सेवा केंद्रात न्या, आणि काय केले होते ते विचारल्यास खरे सांगा.

पहिलाच आकडा, म्हणजे थेट ओएनटीवरचा, सतत कमी येत असेल तर इंटरनेट कंपनीकडे तक्रार नोंदवा आणि डॉकेट क्रमांक लिहून घ्या. तोडगा निघाला नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येते. ट्रायच्या २०१२ च्या नियमांनी ही दोन पायऱ्यांची वाट ठरवली आहे. दुकानदाराने सदोष राउटर बदलून दिला नाही किंवा बिल नाकारले, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. पुढची पायरी दुर्ग जिल्हा ग्राहक आयोग, भिलाई त्याच जिल्ह्यात येते. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे तक्रारीला शुल्क नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. पण हातात बिल हवे. कच्च्या चिठ्ठीवर राउटर घेऊ नका. "पक्का बिल दीजिए, जीएसटी वाला" एवढे काउंटरवर म्हणा, आणि त्यावर मॉडेल, आवृत्ती आणि सीरियल क्रमांक लिहून घ्या.